क्रँकची बेअरिंगं आणि आमचा कुकर

"वहिनी, हे काही कुकर नाही."

धाकटे दीर हे वाक्य बोलले ते आमच्याच घरी, आमच्याच टेबलावर, मी वाढलेलं तिसऱ्यांदा घेताना. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यामुळे घडलं, म्हणून ते आधीच सांगून टाकते. मी तरी असं काय बोलले होते? "इंजिन घरीच उघडू, भाग मी आणते," एवढंच. त्यावर हे उत्तर, आणि वर हसणं. त्यांच्याबरोबर आमचे हेसुद्धा हसले, ते मी वेगळं लक्षात ठेवलेलं आहे.

इंजिन होतं लेकीच्या मोटरसायकलचं. ही मोटरसायकल म्हणजे रस्त्यावरून शहाण्यासारखी जाणारी गाडी नव्हे. मातीत, चिखलात, टेकाडांवरून उड्या मारत पळवायची टू-स्ट्रोक डर्ट बाइक. पडदे धुवायला काढावेत इतका धूर आणि शेजाऱ्यांनी बोलणं टाकावं इतका आवाज. घेतली तीच जुनी. काही दिवसांपासून तिच्या पोटातून घरघर यायला लागली होती. गॉगल कायम डोक्यावर चढवलेल्या भावोजींनी लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली, मोठ्या डॉक्टरांसारखे डोळे मिटले आणि निकाल दिला, "क्रँकची बेअरिंगं गेली. सीलंही गेली असणार. संपली गाडी. आता सुट्या भागांपुरती उरली, मी घेऊन जातो."

भावोजींना सुटे भाग कशाला हवेत? तर त्यांच्या चिरंजीवांकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गाडी आहे, फक्त नवीकोरी. आणि पुढच्या रविवारी शर्यत होती. पहिल्या तिघांना क्लबच्या संघात जागा. माझी लेकही उतरणार होती आणि पुतण्याही. वर्षभर दोघं एकाच मैदानावर धूळ खात होती.

आमचे हे म्हणजे वाद टाळायला राहतं घरसुद्धा दुसऱ्याच्या नावावर करून देतील. म्हणाले, "रविवारपर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर तू घेऊन जा." झालं, शब्द देऊन मोकळे! लेकीनं हातातला चमचा खाली ठेवला आणि मागच्या गॅलरीत गाडीपाशी जाऊन बसली. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. फडकं घेऊन टाकीवरची एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती. ते बघितलं आणि मी भावोजींपुढचं भांडं उचललं. चौथ्यांदा घ्यायचं त्यांचं राहून गेलं.

आता माझ्याविषयी थोडं. मी रुग्णालयाच्या खरेदी विभागात आहे. सुईपासून पलंगापर्यंत काहीही येवो, माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय आत जात नाही. तीन ठिकाणची कोटेशनं, नमुना हातात घेऊन तपासणी, आणि खोट दिसली की माल परत. पुरवठादार माझ्यामागे मला 'परतबाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतं. अशा बाईला कुणी कुकरवरून बोलायचं?

दुसऱ्याच दिवशी लेकीनं इंजिन उतरवून जेवणाच्या टेबलावर आणलं. तिचा हात यात चांगला बसलेला आहे, हे मान्य करायलाच हवं. तिनं मला समजावून सांगितलं. पिस्टन वर-खाली होतो, त्याचं गोल फिरणं करतो तो क्रँक, म्हणजे हा वजनदार दांडा. तो दोन बाजूंना दोन बेअरिंगांत बसतो. त्यांच्या बाहेरच्या अंगाला एकेक सील, म्हणजे रबराची कडी, आतली हवा आत आणि बाहेरचं तेल बाहेर ठेवायला. "म्हणजे कुकरची रिंगच की!" असं अगदी ओठांवर आलं होतं. परिस्थिती बघून गप्प बसले.

टेबलावर इंजिन असलं की माणसं जमतात, हे मला नव्यानं कळलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर रोज येऊन उभे राहायला लागले. "जुनीच रॉकेलमध्ये भिजत घाला," म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, खड्डे पडलेत त्यांना." तर म्हणाले, "मग जास्त वेळ भिजवा." समोरच्या बाईंनी विचारलं की एवढे कष्ट घेण्यापेक्षा मुलीला पोहायला का घालत नाही. आमच्या ह्यांनी काहीच सल्ला दिला नाही. ते आठवडाभर सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवले आणि प्रत्येक घासाला उसासा टाकत राहिले.

सुट्या भागांच्या दुकानात मी ऑफिसच्या शिस्तीनं गेले. कोटेशन मागितलं. दुकानदारानं कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कानावर ठेवली. "बाई, दोन बेअरिंगांना कोटेशन?" आणखी दोन दुकानांत हेच झालं, एकात तर मला पाणी देऊन बसवलं. शेवटी पहिल्याकडेच परत आले. त्यानं पुढे केलेलं बेअरिंग मी दोन बोटांत धरलं आणि हलवलं. आत किंचित खुळखुळ! दुसरंही तसंच. मी जागेवरच ते बाजूला सारलं.

"हे सैल आहे."

"सैलच लागतं, बाई. क्रँकची वेगळी येतात. हा बघा शिक्का, सी-तीन."

सैल माल गळ्यात मारताना असे शिक्के दाखवणारे मी पुष्कळ बघितले आहेत. "शिक्का राहू दे. तुमच्याकडची सगळी काढा," म्हटलं. त्यानं काढली. मी एकेक फिरवत, कानाशी नेत, उजेडात धरत बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. अखेर दोन अशी सापडली की काय सांगू! गच्च. जराही हालचाल नाही. दुकानदार म्हणाला, "ही पंख्याला, पंपाला चालतात, क्रँकला नको." मी म्हटलं, "जास्त चांगली आहेत म्हणून सोडवत नाही होय तुम्हाला?" त्यानं मुकाट्यानं बांधून दिली.

सीलांच्या बाबतीत मात्र मला कुणी फसवू शकत नाही. बाहेरच्या कपाटातल्या एका पाकिटाचा रंग उन्हानं उडालेला दिसला. आतल्या कडीच्या ओठावर नख दाबलं, तर नखाचा वळ उठेना. कडी जरा वाकवली, तर कडेला बारीक चिरा. वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात उन्हात पडलेलं रबर. कुकरच्या रिंगांनी मला एवढं तरी शिकवलेलं आहे. ते परत केलं आणि आतल्या अंधाऱ्या खणातली काढायला लावली. मऊ, काळीभोर, आतल्या बाजूला बारीक स्प्रिंग. एक जोडी गाडीला, एक राखीव. राखीव घेतल्याशिवाय खरेदी पुरी होत नाही, हा माझा नियम आहे.

बेअरिंग बसवायची रीत मात्र मला फार आवडली. ठोकाठोकी नाही. क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्या दोन अर्ध्या डब्यांत बसतो ते, ओव्हनमध्ये तापवायचे म्हणजे प्रसरण पावतात. बेअरिंगं फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणजे आकसतात. मग एक दुसऱ्यात आपोआप उतरतं. इतके दिवस सांगत नव्हतं कुणी, हे तर पूर्ण स्वयंपाकघरातलं काम! ओव्हन लावला तसा जुन्या तेलाचा वास जिन्यापर्यंत गेला. समोरच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "वेगळाच वास येतोय, काय केलंत?"

"क्रँककेस."

"आमच्याकडे नाही होत कधी. कृती द्याल ना?"

पहिला डबा काढला, फ्रीजरमधलं बेअरिंग लेकीनं वरून सोडलं आणि 'टक्' असा एक आवाज येऊन ते जागेवर बसलं. आम्ही दोघींनी टाळी दिली. मग गार झाल्यावर लेकीनं बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, जड फिरतंय गं."

"नवीन आहे. नव्या चपलासुद्धा लागतात. रुळेल."

"चपला तापून लाल नाही होत, आई."

मी दुसरा डबा काढायला ओव्हनकडे वळले. जाळी ओढली, तर निघेना. आमच्या ओव्हनची ही जुनी खोड आहे. गार असताना जाळी आत-बाहेर नाचते, तापली की कडांना अशी गच्च धरते की भिंतीला पाय लावून ओढावी लागते. मी पाय लावला. ह्यांना हाक मारली, त्यांनी मला धरून ओढलं, आणि जाळी, क्रँककेस, मी आणि हे अशा क्रमानं आम्ही बाहेर आलो. डबा ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला चाटून पडला. हे ओरडले. मी मात्र जमिनीवर बसल्या बसल्या त्या जाळीकडे बघत राहिले, कारण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. जी जाळी गार असताना जराशी खुळखुळते तीसुद्धा तापल्यावर अडकते. मग जे बेअरिंग गार असतानाच गच्च आहे, त्याचं इंजिनच्या आत काय होणार?

परतबाईनं चांगला माल परत करून खराब घरी आणला होता! आणि तो खराबही नव्हता बिचारा, दुसऱ्या कामाचा होता. मला इतकी शरम वाटली की मी ह्यांच्या अंगठ्याला स्वतःहून बर्फ लावला.

बसलेलं बेअरिंग पुन्हा ओव्हनमध्ये टाकून लेकीनं काढलं. मी दुकानदाराला फोन लावला.

"ती सैलवाली पाठवून द्या," मी शक्य तितक्या तोऱ्यात म्हटलं.

"गेली की ती, बाई. परगावाहून मागवतो, पार्सल ऑफिसातून तुम्हीच सोडवून घ्या. आणि एक गंमत, तुम्ही परत केलेलं सीलही गेलं. गॉगल डोक्यावर लावलेले एक साहेब आले होते, बाहेरच्या कपाटातलं दिसलं तेच घेऊन गेले. बघितलंही नाही. म्हणाले, मला सगळं माहीत आहे."

हे वर्णन शहरात दुसऱ्या कुणालाही लागू पडत नाही. आमच्याकडे सीलांचा विषय निघाला म्हणून भावोजींनी पोराच्या नव्या गाडीचंही सील बदलायला घेतलं होतं, उगाच. राग होता तरी पोरगं आपलंच. मी लगेच फोन केला, "भावोजी, ते सील वाळलेलं आहे, लावू नका."

"वहिनी," पलीकडून हसू ऐकू आलं, "तुम्ही आपली गाडी बघा."

पार्सल ऑफिस म्हणजे माझं माहेर वाटावं अशी जागा. तीच हिरवट कपाटं, तोच पंखा, तसाच खिडकीमागे एक कारकून. माझं पार्सल त्याच्या पाठीमागे मला दिसत होतं. पण मधे एक रकाना होता.

"वाहनाचे भाग आहेत. वाहनाचा नोंदणी क्रमांक?"

"नाही. ही गाडी रस्त्यावर चालत नाही."

"चालत नाही, मग भाग कशाला?"

"चालत नाही म्हणूनच भाग!"

"नोंदणी नाही म्हणजे वाहन नाही. वाहन नाही म्हणजे हे वाहनाचे भाग नाहीत. मग वर 'वाहनाचे भाग' असं लिहिलंय ते चूक. पार्सल परत जाईल."

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. मला तर त्याचं कौतुकच वाटलं. इतकं सरळ अडवणं आजकाल बघायला मिळत नाही. पण शर्यत परवावर आली होती आणि लेक बाहेर स्कूटरवर नखं खात बसली होती. मी खिडकीत वाकले आणि हळू आवाजात म्हटलं, "रकाना रिकामा सोडता येत नाही, हे मला कळतं. 'लागू नाही' लिहा. शेऱ्यात 'अर्जदाराच्या सांगण्यावरून' असं घाला. सही माझी. उद्या काही निघालं तर मान माझी, तुमची नाही."

त्यानं चष्मा काढला. माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, तुम्ही कुठल्या खात्यात?"

"खरेदी."

त्यानं उठून स्वतः पार्सल आणून दिलं आणि खिडकीबाहेर येऊन मला निरोप दिला. त्या पंख्याखाली इतका मान आजवर कुणाला मिळाला नसेल.

यावेळी बेअरिंगं हातात हलवून बघितली, खुळखुळ ऐकली आणि मला ती खुळखुळ गोड लागली. ओव्हन, फ्रीजर, टक्. दुसरा डबा, टक्. सीलं लावताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला बोटभर ग्रीस. शनिवारी दुपारी लेकीनं मागच्या गॅलरीत किक मारली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा फुस्स. हेडमास्तर वरून ओरडले, "भिजत घालायला हवी होती!" तिसऱ्या किकला गाडी अशी काही पेटली की समोरच्यांच्या काचा हलल्या. घरघर गायब! नुसता स्वच्छ, खणखणीत आवाज. लेक गाडीवरून उतरून माझ्या गळ्यात पडली आणि तेव्हा कुठे रडली. माझ्या साडीला तेलाचे पंजे उमटले. ती साडी मी धुतलेली नाही.

रविवारी मैदानावर शर्यत सुटायला थोडा वेळ असताना पलीकडून विचित्र आवाज आला. पुतण्यानं गाडी चालू केली होती आणि ती त्यानं ॲक्सिलरेटरची मूठ न पिळताच किंचाळत सुटली होती, थांबता थांबेना. वाळलेल्या सीलमधून हवा आत घुसत होती. पोरानं कशीबशी बंद केली आणि तिथेच चिखलात मटकन बसला. भावोजींचा गॉगल डोक्यावरच होता, पण चेहरा पार उतरलेला. दहा माणसांना विचारून ते शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमच्याकडे एखादं... सील..."

अहाहा! ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्यासाठी आठवडाभर जगले होते मी. पण भावोजींच्या मागे चिखलात बसलेलं पोरगं दिसलं, आणि ते हुबेहूब टाकी पुसणाऱ्या माझ्या लेकीसारखं दिसत होतं. मी वाक्य गिळलं, पर्स उघडली आणि राखीव जोडी काढली.

लेक माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"पुतण्याच्या. काकाच्या नाही."

तिनं ओठ चावला. पुतण्याची गाडी चालू झाली तर तिघांतली एक जागा तिचीच कमी होणार होती, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग ती उठली. "काका, तुम्ही बाजूला व्हा. पुलर द्या तो." तिनं पुलरनं फ्लायव्हील, म्हणजे सीलावरचं जड चाक, ओढून काढलं, जुनं सील उपसलं, नवं बसवलं. पुतण्या म्हणाला, "ताई, तू हरलीस तर मला..." ती म्हणाली, "मी हरत नाही. तू ऊठ, हेल्मेट घाल."

शर्यत मी बघितली नाही. डोळे मिटून उभी होते आणि फक्त ऐकत होते. एवढ्या गाड्यांच्या गोंगाटात माझं इंजिन मला वेगळं ऐकू येत होतं. प्रत्येक फेरीला ते जवळ यायचं आणि मी घरघर शोधायची. घरघर नाही. पुन्हा लांब जायचं, मी श्वास सोडायची. हे शेजारी उभं राहून कोण पुढे, कोण मागे, ते सांगत होते आणि मी त्यांना "गप्प बसा हो, ऐकू द्या" म्हणत होते. शेवटच्या फेरीला ते इतक्या जोरात ओरडले की मला डोळे उघडावेच लागले. लेक दुसरी आली होती. तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून पुतण्या तिसरा. दोघंही संघात! मी उडी मारली. माझ्या वयाच्या, माझ्या वजनाच्या आणि माझ्या हुद्द्याच्या बाईनं मारू नये अशी उडी होती, पण मारली.

चिखलानं माखलेल्या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी येऊन थांबल्या. भावोजी आले. त्यांनी तो लांबलचक स्क्रूड्रायव्हर काढला, लेकीच्या चालू इंजिनाला टोक लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले,

"वहिनी, कुकर झकास झालाय."

मी ते वाक्य सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं. परत पाठवावं असं त्यात काही सापडलं नाही, म्हणून ठेवून घेतलं.